दोरी बसेपर्यंत

माझं धनुष्य २२१ सेंटीमीटर लांब आहे. जमिनीवर उभं केलं की माझ्या डोक्यावर हातभर उरतं. त्याची नवी दोरी परवा आली. कागदी पाकिटात, वळी करून. वजन जेमतेम सात ग्रॅम, म्हणजे चहात घालतात त्या दीड चमचा साखरेइतकं.

जपानी धनुष्याच्या दोरीला ‘त्सुरू’ म्हणतात आणि तिची जाडी अजूनही वजनावर ठरते. वजनाचं माप ‘मोम्मे’. एक मोम्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम. आपल्याकडे सोनं जसं तोळ्यात बोलतात, तसे जपानी लोक मोती मोम्मेत बोलतात, आणि धनुर्धारी दोरी. १.७ मोम्मेची दोरी हलकी, २ मोम्मेची जाड. हलकी दोरी बाण झपकन सोडते आणि लवकर तुटते. जाड दोरी टिकते, पण बाण जरा आळसावतो. माझ्या गुरूंनी, म्हणजे सेन्सेईंनी, मला हलकी घ्यायला लावली आणि वर बजावलं, “काही दिवस तरी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तिला अजून बसायचंय.”

‘बसायचंय’ हा माझा शब्द. त्यांचा जपानी शब्द वेगळा होता, पण माझ्या कानात तो मराठीतच उमटला. मी मिरजेचा. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत नवा तंबोरा घ्यायला गेलं की कारागीर सुरात लावून देतो आणि वर सांगतो, की उद्या उतरेल, परवाही उतरेल, घाबरू नका, तार अजून बसली नाही. तार बसते, हात बसतो, गळा बसतो (हा मात्र उलट अर्थाने), संसाराची घडी बसते. क्योतोत ‘क्यूदो’, म्हणजे जपानी धनुर्विद्या, शिकायला लागून काही वर्षं झाली. पण धनुर्विद्येतली सर्वांत अवघड वाट नेम धरण्यातून नव्हे, तर सात ग्रॅमची ही दोरी बसण्यातून जाते, हे मला कळायला पहिली दोरी वाया घालवावी लागली.

*

ती पहिली दोरी मी संध्याकाळी चढवली आणि तासाभरात बाण सोडायला सुरुवात केली. शिकाऊ माणसाला सुरुवातीला कृत्रिम धाग्याची दोरी देतात. ती चिवट असते, हजारभर बाण निमूट सोसते. मला वाटलं, भांगेच्या दोरीचंही तसंच असणार.

हो, भांगेचीच. ‘असाझुरू’, म्हणजे पारंपरिक दोरी, भांगेच्या झाडाच्या सालीतल्या तंतूंची असते. तंतू पिळून, राळ पाजून ती घट्ट करतात. आपल्याकडे या झाडाचा पाला प्रसिद्ध, तिकडे खोड. खोडाच्या सालीला नशा नसते, ताण मात्र असतो.

दोरी विकत घेतली तर एक फास आधीच बांधलेला असतो. दुसरा आपल्या धनुष्याच्या मापाने आपण बांधायचा. वरच्या टोकाच्या फासावर लाल कापड गुंडाळलेलं असतं, खालच्यावर पांढरं. चढवताना धनुष्याचं वरचं टोक भिंतीवरच्या लाकडी खोबणीत टेकवायचं, खालचं टोक मांडीशी घ्यायचं, मधे मूठ दाबून धनुष्य वाकवायचं आणि फास सरकवायचा. बांबूचं धनुष्य दोरीवाचून मोकळं असतं तेव्हा उलट्या बाजूला कललेलं असतं. दोरी म्हणजे त्याला त्याच्या मनाविरुद्ध वाकवून ठेवणारी सक्ती. ही सक्ती सोसायची धनुष्याला जन्मभराची सवय असते. दोरीला नसते.

दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर सुमारे १५ सेंटीमीटर हवं. मोजपट्टी लागत नाही. मुठीच्या जागी हाताची मूठ टेकवून अंगठा उभा करायचा, टोक दोरीला लागलं की झालं. आपल्याकडे या मुद्रेला ठेंगा म्हणतात. पहिल्या संध्याकाळी माझा ठेंगा बरोबर लागला. मी खूश. दुसऱ्या दिवशी बघतो तर अंगठा दोरीवर नुसता दाबून बसला होता, अंतर दीड-दोन सेंटीमीटरनं घटलेलं. रातोरात दोरी लांबली होती. अंतर घटलं की सुटलेली दोरी फार पुढे येते आणि हाताला लागते. माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला एक लांब निळा वळ उठला आणि आठवडाभर ऑफिसात बाह्या खाली ओढून बसावं लागलं.

सेन्सेईंनी वळ पाहिला आणि हाताची चौकशी न करता दोरीची केली.

मग शिकवलं. नवी दोरी मुद्दाम जास्त ताणून, म्हणजे अंतर थोडं वाढवून चढवायची. ती उतरणार हे गृहीत धरायचं. धनुष्य चढवलेलं तसंच ठेवायचं, लगेच बाण लावायचा नाही. मग थोडं ओढायचं, पुरतं नाही, आणि सोडून न देता हळूच परत आणायचं. मोकळा झटका बसला की धनुष्याच्या अंगात धक्का शिरतो. दुसऱ्या दिवशी ठेंगा लावायचा. घटलं असेल तर खालचा फास काढून दोरीला आणखी पीळ द्यायचा. पिळानं दोरी आखूड होते. पिळानं भागलं नाही तर वरचा फास सोडून पुन्हा बांधायचा. असं दोन दिवस, चार दिवस. मग एक सकाळ अशी येते की ठेंगा कालच्याच जागी लागतो. तेव्हा दोरी बसली.

लांबीबरोबर जागाही बसावी लागते. जपानी धनुष्याची मूठ मध्यावर नसते, खालून एक तृतीयांशावर असते. वरचा भाग लांब, खालचा आखूड. तिसऱ्या शतकातल्या चिनी इतिहासात जपानी बेटांवरच्या लोकांच्या धनुष्याचं असंच वर्णन आहे, म्हणजे हा प्रकार सतराशे वर्षं तरी जुना. अशा तिरपांगड्या धनुष्यावर दोरी अगदी मधोमधही नको असते. दोरीच्या बाजूनं बघितलं तर ती मुठीच्या जरा उजवीकडे पडायला हवी. डावीकडे गेली की बाण भरकटतो, वर सोडताना धनुष्य उलटण्याची भीती. आणि हे सगळं ठरतं वरच्या फासाची गाठ किती डावी-उजवी बांधली यावर. माझी पहिली गाठ सेन्सेईंनी चार वेळा सोडली. पाचव्या वेळी काही बोलले नाहीत. जपानमध्ये यालाच शाबासकी म्हणतात.

*

दोरी बसवण्यातला माझा आवडता भाग राळेचा. ‘कुसुने’ म्हणजे पाइनच्या झाडाची राळ तेलात तापवून, घोटून केलेला काळपट, चिकट लगदा. तो दोरीला चोळायचा. नुसता चोळून भागत नाही, आत मुरवावा लागतो, आणि मुरवायला हवी ऊब. त्यासाठी तळहातात मावेल एवढी एक विणलेली चपटी पट्टी असते, गवताच्या छोट्या चपलेसारखी दिसणारी. तिचं नावच ‘वाराजी’, म्हणजे गवती चप्पल. ती दोरीवर घडी करून धरायची आणि वर-खाली जोरात घासायची. घर्षणानं दोरी तापते, राळ वितळते, तंतूंमधे उतरते आणि सुटे केस दोरीला चिकटून बसतात. बोटांना चटका बसेपर्यंत घासायचं. दोरी हाताला गुळगुळीत आणि किंचित चिकट लागली की थांबायचं.

सगळ्या दोजोत, म्हणजे सरावाच्या जागेत, तेव्हा देवळासारखा वास सुटतो. राळेचा. मला दर वेळी मिरजेच्या दर्ग्यातला ऊद आठवतो.

जपानी भाषेत ‘तेगुसुने हिकू’ असा वाक्प्रचार आहे. हाताला कुसुने लावून वाट पाहणं, म्हणजे शत्रू केव्हा येतो याची पुरेपूर तयारीनिशी वाट बघत बसणं. आपण बाह्या सरसावून बसतो, ते तळव्याला राळ लावून बसतात. हल्ली खेळांच्या समालोचकांनीसुद्धा वापरावा इतका साधा झालेला हा शब्द, पण मुळात तो दोरीच्या शेजारचा आहे.

राळेनंतर मधला वेढा. बाणाच्या शेपटाची खाच जिथे दोरीला बसते, तिथे भांगेचे सुटे तंतू गोंद लावून गुंडाळतात आणि दोन लाकडी ठोकळ्यांमधे धरून गोल फिरवतात. ठोकळ्यांचं नाव ‘दोहो’. वेढा इतका जाड हवा की बाण दोरीवर टेकवला तर सुटून पडणार नाही, आणि इतका बारीक की खाच फाकणार नाही. दोन-चार केसांचा फरक. वेढा जाड झाला तर बाण अडखळतो, सैल झाला तर ओढता ओढता बाण गळून पडतो. क्यूदोत बाण हातून पडणं ही मोठी नामुष्की. मग माणूस दोष हाताला देतो, चुकलेला असतो वेढा.

*

अशा दोऱ्या वळणारे कोण होते? क्योतोत हे कुतूहल फार लांब न्यावं लागत नाही. गिओनच्या देवळाची, म्हणजे आजच्या यासाका देवस्थानाची, जुलैमधली जत्रा जगप्रसिद्ध आहे. मध्ययुगात या देवळाशी बांधलेल्या लोकांचा एक वर्ग होता: ‘इनुजिनिन’. जिनिन म्हणजे देवाचे सेवक, इनु म्हणजे कुत्रा. देवळाचा परिसर आणि गल्ल्या साफ ठेवणं, मेलेली जनावरं आणि माणसांची प्रेतं उचलणं हे त्यांचं काम. विटाळाचं सगळं त्यांच्याकडे. जत्रेच्या मिरवणुकीत मात्र तेच सर्वांत पुढे, चिलखत घालून, रस्ता शुद्ध करत चालायचे.

आणि हेच लोक धनुष्याच्या दोऱ्या वळून विकायचे. गल्लीतून ‘दोरी घ्या हो’ अशा अर्थाची हाळी देत फिरायचे. त्या हाळीवरूनच त्यांना ‘त्सुरुमेसो’ हे दुसरं नाव पडलं. ज्या सामुराईच्या अंगणात त्यांनी पाऊल ठेवलं तर त्याला चाललं नसतं, त्याच सामुराईचा जीव लढाईत त्यांच्या हातच्या दोरीवर लोंबकळत असे. हातची दोरी चालते, हात चालत नाही, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. चामड्याचा तबला वाजवून दाद घेणारे आणि ते चामडं कमावणारे यांच्यातलं अंतर आपण शतकानुशतकं राखलेलं आहे.

धनुष्य करणाऱ्या घराण्यांची नावं पिढ्यांच्या आकड्यासह टिकली. दोरी वळणाऱ्यांची टिकली ती एक हाळी. तुटणारी वस्तू करणाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवणार?

पुढे दोरीवर संकट आलं, तेही कायद्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात, १९४८मध्ये, जपानमध्ये भांग नियंत्रण कायदा झाला. तोवर भांग हे खेड्यातलं साधं पीक होतं. कपडे, दोर, देवळातल्या जाड दोऱ्या, सगळं त्यातून व्हायचं. कायद्यानंतर परवान्याशिवाय पेरणी बंद झाली. १९५०च्या दशकात तीस हजारांहून अधिक परवानाधारक शेतकरी होते. पुढे कृत्रिम धागा आला, आणि आता ही संख्या काही डझनांवर आली आहे. तोचिगी प्रांत हा या पिकाचा उरलासुरला बालेकिल्ला. चांगल्या असाझुरूची किंमत पाहून मी पहिल्यांदा दचकलो होतो. आता वाटतं, पाकिटात दोरी कमी आणि वाचलेलं शेतच जास्त आहे.

*

दोरी घासता घासता मनात मराठी शब्द येत राहतात. दोरीची म्हणून आपल्याकडे किती नावं! प्रत्यंचा, ज्या, जीवा, गुण, मौर्वी. त्यातली ‘मौर्वी’ मूर्वा नावाच्या वनस्पतीवरून आली. लांब, ताठ, पट्ट्यांसारखी पानं असलेली ही वनस्पती तंतूंसाठी प्रसिद्ध होती. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधे हवा शुद्ध करते म्हणून कुंडीत लावतात त्या ‘स्नेक प्लँट’ची ती सख्खी चुलतबहीण. म्हणजे आपल्या बाल्कन्यांत आज धनुष्याच्या दोरीचं भावंड वाढतंय, आणि आपण त्याला पाणी जास्त घालून मारतोय.

‘मुंज’ हा शब्दही याच गोतावळ्यातला. मनुस्मृतीत उपनयनाच्या वेळी ब्राह्मण मुलाच्या कमरेला मुंज गवताची मेखला सांगितली आहे, आणि क्षत्रिय मुलाच्या कमरेला मूर्वेची धनुष्यदोरी. गवताचं नाव विधीला चिकटलं, दोरीचं विसरलं गेलं. कमरेची दोरी कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे मात्र मनुस्मृतीनंच ठरवलं.

आणि ‘जीवा’! मराठी माध्यमात दहावी झालेल्या प्रत्येकानं वर्तुळाच्या जीवेवरची प्रमेयं पाठ केली आहेत. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, त्याच्या दोन टोकांना जोडणारी रेषा म्हणजे दोरी. ‘ज्या’ आणि ‘जीवा’ हे शब्द भारतीय ज्योतिषग्रंथांतून अरबीत गेले, तिथून लॅटिनमधे चुकीच्या भाषांतरानं ‘सायनस’ झाले, आणि त्रिकोणमितीचा ‘साइन’ बनून आमच्याच कॉलेजात परत आले. बारावीत मला ज्यानं छळलं ते धनुष्याच्या दोरीचं भूत होतं, हे मला क्योतोत कळलं.

महाराष्ट्रात धनुष्य पुस्तकापुरतं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सातपुड्यातल्या भिलांच्या तीरकामठ्याची दोरी पारंपरिक पद्धतीनं बांबूचीच असते. बांबूच्या वरच्या सालीची पातळ, लवचिक पट्टी काढून ती कामठ्याला लावतात. धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूची. एकाच झाडाच्या दोन स्वभावांना एकमेकांविरुद्ध ताणून धरलेलं. जपानी धनुष्यालाही आत-बाहेर बांबूच असतो, पण दोरी दुसऱ्या झाडाची. माझ्या हातमोज्याचा अंगठा टणक असतो, कारण इथे दोरी अंगठ्याच्या खोबणीत अडकवून ओढतात. पहिल्या दिवशी तो मोजा घातला तेव्हा महाभारतातला एकच अंगठा आठवला.

*

दोरी बसली हे ठेंग्यानं कळतं, पण त्याहून आधी ते कानाला कळतं.

बाण सुटल्यावर दोरी वरच्या टोकाजवळच्या लाकडावर आपटते आणि आवाज होतो. त्याला ‘त्सुरुने’ म्हणतात. दोरी कच्ची असताना आवाज बसका येतो, ओल्या लाकडासारखा. बसत गेली की स्वच्छ होतो, उंच होतो. चांगल्या धनुर्धाऱ्याचा त्सुरुने दोजोच्या बाहेर रस्त्यावरही ओळखू येतो. २८ मीटरवरचं ३६ सेंटीमीटरचं निशाण लागलं की नाही हे नंतर. आमच्या दोजोतले एक वयस्क गृहस्थ निशाणाकडे बघतच नाहीत. बाण सोडतात, डोळे समोर ठेवतात आणि ऐकतात.

या आवाजावर जपानचा जुना विश्वास आहे. बाण न लावता दोरी ओढून सोडायची, त्या नादानं अमंगळ पळतं. या विधीला ‘मेइगेन’ म्हणतात. राजघराण्यात मूल जन्मलं की त्याच्या पहिल्या स्नानाच्या विधीत बाहेर जुना ग्रंथ वाचतात आणि दोरी वाजवतात. २००६मध्ये राजपुत्र हिसाहितो जन्मला तेव्हाही ती वाजली. बाण नाही, निशाण नाही, शत्रू नाही. फक्त दोरी. युद्धाच्या साधनातून युद्ध वजा केलं की उरतो तो नाद.

मिरजेला हे उरफाट्या मार्गानं कळलं. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं तेव्हा तिथली शिकलगार घराणी, म्हणजे शस्त्रांना धार-पाणी करणारी माणसं, तंबोरे आणि सतारी करायला लागली. पोलादाला पाणी देणारे हात तंबोऱ्याची जवारी काढायला लागले. मेइगेनविषयी मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सतारमेकर गल्लीतली ती दुकानं आठवली.

*

पण बसलेली दोरी कायमची नसते, आणि असूही नये अशी अपेक्षा आहे. हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

असाझुरू काहीशे बाणांत तुटते. कधी त्याहून आधी. कृत्रिम दोरी सहजी तुटत नाही, म्हणून बऱ्याच जुन्या धनुर्धाऱ्यांना बांबूच्या धनुष्यावर ती नको असते. बाण सुटताना उरलेला धक्का कुणीतरी सोसायचा असतो. दोरी चिवट असली की तो धनुष्याच्या अंगात जातो, वर्षानुवर्षं साठतो. भांगेची दोरी तो स्वतःत घेते आणि एक दिवस मधल्या वेढ्यापाशी तुटते. तुटताच धनुष्य झटक्यानं मोकळं होतं, आपल्या मूळच्या उलट्या वळणाकडे जातं. त्यानं धनुष्याला पुन्हा तरतरी येते, असं सेन्सेई मानतात. धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या टिकावं म्हणून दोरी महिन्या-दोन महिन्यांची असते.

क्योतोच्या सांजूसांगेन्दो देवळाच्या सुमारे १२० मीटर लांब ओसरीत एदो काळात बाणांची स्पर्धा चाले. ओसरीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत, छताला न लागता, चोवीस तासांत किती बाण पार जातात. १६८६मध्ये वासा दाइहाचिरो या विशीतल्या तरुणानं १३,०५३ बाण सोडले, ८,१३३ पार गेले. म्हणजे मिनिटाला नऊ बाण, दिवस आणि रात्र. हा आकडा आजवर कुणी मोडलेला नाही. दर जानेवारीत त्याच देवळाच्या अंगणात वीस वर्षांची मुलंमुली किमोनो घालून ६० मीटरवर बाण सोडतात, तेव्हा त्याचं नाव निघतंच. दोऱ्यांचा हिशेब कुठे सापडत नाही. तेरा हजार झटके एका दोरीचं काम असूच शकत नाही. त्या रात्री कुणीतरी अंधारात बसून नव्या दोऱ्या तापवत, पीळ देत, पुढे सरकवत असणार.

म्हणून कुठल्याही क्यूदोवाल्याच्या कमरेला किंवा पिशवीत एक गोल चकती असते, ‘त्सुरुमाकी’. त्यावर राखीव दोरी गुंडाळलेली. पण ती कोरी असून चालत नाही. ती आधी चढवून, ताणून, बाण सोडून, वेढा बांधून बसवलेली असावी लागते. ऐन वेळी कोरी दोरी म्हणजे लग्नाच्या दिवशी नव्या चपला.

आणि दोरी तुटली तर? त्याचीही रीत आहे. शिष्टाचारात दोरी तुटणं, बाण पडणं, धनुष्य हातून सुटणं यांना ‘शित्सु’ म्हणतात, उणीव. उणीव झाली की घाबरून धावायचं नाही. कुणाची माफी मागत सुटायचं नाही. सावकाश गुडघ्यावर बसायचं, तुटलेली दोरी गोळा करायची आणि मागे सरायचं. परीक्षेत परीक्षक हे सगळं बघत असतात. तुटलं कसं यापेक्षा तुटल्यावर माणूस कसा वागला, याला जास्त भाव.

माझी बसलेली दोरी मागच्या महिन्यात तुटली. भर सरावात, ओढ पूर्ण झाल्यावर, सुटण्याच्या क्षणी. बाण तिरपा जाऊन गवतात पडला. एक मोठा टणत्कार झाला आणि हातातलं धनुष्य एकदम हलकं, अनोळखी वाटलं. मी गुडघ्यावर बसलो. दोरीचे दोन तुकडे जमिनीवर होते, लाल कापडाचा एक, पांढऱ्याचा एक. मी ते उचलले आणि सवयीनं कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे वळलो.

सेन्सेईंनी हात पुढे केला. तुकडे घेतले, एक टोक दातांनी सोडवलं, पीळ उलगडला. आत राळेनं तपकिरी झालेले लांब तंतू मोकळे झाले. त्यातले काही त्यांनी बाजूला ठेवले: नव्या दोरीच्या मधल्या वेढ्याला. उरलेल्या तुकड्याचं काय करायचं ते मला त्या दिवशी समजलं. ज्या गवती चपलेनं मी दोरी घासत आलो होतो, ती गवताची नव्हतीच. ती तुटलेल्या दोऱ्यांची विणलेली होती.

परवा आलेल्या दोरीवर मी काल रात्री पहिल्यांदा वाराजी फिरवली. तिच्यात कुणाकुणाच्या दोऱ्या आहेत मला माहीत नाही. दोरी तापली, राळेचा वास सुटला. आज सकाळी ठेंगा लावला तर अंतर बोटभर कमी भरलं. फास काढला, पीळ दिला, पुन्हा चढवली.

अजून बसली नाही.